बंदरावरचा बाप

अण्णा, साताऱ्याच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही वांगी चिरत बसला आहात आणि मी दारातूनच ओरडते, "वासरू सापडलं!" विळीवरून मान वर न करता तुम्ही म्हणता, "हरवलं कधी, ते आधी सांग. शेवटच सांगून टाकलास, आता ऐकू काय?" तुम्ही मला, तुमच्या लेकीला, घरीच शिकवलंत, त्यातला हाच धडा मी सगळ्यांत घट्ट धरला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी कुठलीही गोष्ट मी पहिल्यापासूनच सांगते.

गेल्या महिन्यात तुमचा एक जुना विद्यार्थी आला. महायुद्धात तो ग्रीसला होता, आता पलटणीतून सुटून शेती बघतो. तिथल्या एका शाळामास्तरांनी आजच्या एका ग्रीक कवीची कविता त्याला इंग्रजीत उतरवून दिली होती. म्हणाला, "आपलं मास्तर आता न्हाईत, तवा तुमीच सांगा ताई, काय लिवलंय." कवितेत मुलगा लढाईवरून परत येतो ते पहिल्याच ओळीत. मग तो घरून निघतो. मग हजारो वर्षांपूर्वीचं एक गलबत त्याच धक्क्याला लागतं, आणि शेवटी बाप वाट पाहत उभा. मला हे सगळं चुकलेलंच वाटलं. मराठी करताना मी क्रम लावला: जुनं गलबत, निघणं, वाट पाहणं, परत येणं. सांगलीच्या वाचनालयात वाचायचं ठरलं, म्हणून आधी त्याला वाचून दाखवलं.

"लय ग्वाड झालंय," तो म्हणाला. "पर आवं ताई, त्यो म्हातारा कुठं गेला? आमी बघितला की त्या गावात. पोरगं कवाच येऊन घरी जेवतंया, आन ह्यो रोज आपला बंदरावर. तितलं मास्तर त्येच्याकडं बोट करून कविता म्हणायचं. तुमी पोरगं आणलंसा आन म्हाताऱ्याला घरी धाडलंसा."

दोन दिवस मी वही उघडत-मिटत राहिले. तुमचा धडा मोडू कसा? मग वासराच्या त्या दिवसाचं पुढचं आठवलं. तुम्ही विळी आडवी केलीत आणि वासराची सगळी गोष्ट ऐकलीत. शेवट ठाऊक असूनही "मग? मग?" विचारत राहिलात.

आता कवितेत सगळं कवीनं ठेवलं तसंच आहे. उद्या सकाळी सांगलीला जाते.

हे पत्र टाकू कुठे, म्हणून वहीतच ठेवते. एक मात्र कबूल करते. मूळ कवितेत त्या बापाच्या हातात काहीच नाही. पावसात माझी वाट बघताना तुमच्या हातात असायची, ती छत्री मी त्याला दिली आहे. चारदा खोडली, पाचव्यांदा राहू दिली.