बारा जूनची पाहणी

टेंभूरपाडा, ता. शिरपूर
२ सप्टेंबर

प्रिय भाऊ,

आठ दिवसांत तुला सहा वेळा फोन लावला. एकदा वहिनीने उचलला आणि तू आंघोळीला गेलायस म्हणाली. मागे तुझा खोकला ऐकू येत होता. तिला काही बोलू नकोस, तू सांगितलंस तेच ती बोलली असेल. पण जे सांगायचंय ते फोनवर मला जमलंही नसतं. म्हणून कागद घेतला.

सुगंधाबाईची बातमी धुळ्याच्या डाक कार्यालयात तुमच्याकडे 'एक खातेदार महिला जखमी' एवढीच पोचली असेल. मी तिथे होते. एक ऑगस्टपासून आमची शाखा पलीकडच्या मोठ्या गावातल्या पोस्टाला जोडली, हे तुला माहीतच आहे. तीन महिने करून बघायचं, चाललं तर कायम. माझं अंगठ्याचं मशीन, शिक्के, वह्या, सगळं तिकडे गेलं. मधे चार किलोमीटरचा रस्ता आणि नाल्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल. एकोणीस तारखेला गावात पावसाचा थेंब नव्हता, पण वर डोंगरात रात्रभर झोडपलं होतं. मी सकाळी फरशी ओलांडली तेव्हा पाणी घोट्याइतकं होतं. पलीकडचा चढ चढत होते तोच मागून किंकाळी आली. सुगंधाबाई शेजारच्या वच्छलाबाईचा हात धरून निराधारची पेन्शन काढायला निघाली होती. दोघी फरशीच्या मधोमध, आणि पाणी गुडघ्याला. वच्छलाबाई कशीबशी मागे फिरली. म्हातारी सुगंधाबाईचा हात सुटला.

भाऊ, ती खाली बाभळीच्या झुडपात अडकली म्हणून वाचली. पंचायतीतला नवल त्याच्या कपाशीत होता, तो दोर घेऊन धावला. वीस मिनिटं तो पाण्यात आणि मी काठावर दोराचं टोक झाडाला बांधून धरून उभी. दोर सुटेल, दोर सुटेल, एवढंच डोक्यात. बाहेर काढलं तेव्हा तिची मांडी मोडली होती. शिरपूरला नेताना जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कण्हत कण्हत मला म्हणते, "बेटी, वल्ला अंगठा लागी का वं?" ओला अंगठा मशीन घेईल का, याची तिला काळजी. ती अजून दवाखान्यातच आहे. आता काठीशिवाय चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

शाखा तोट्यात आहे हे मी कधी नाकारलं नाही. माझा पगारसुद्धा तिच्या उत्पन्नातून निघत नाही, हे मला तुझ्याइतकंच कळतं. जुलैत तुमचे साहेब ग्रामसभेत येऊन म्हणाले, सरकारने दरवर्षी किती भर घालायची, कुठेतरी थांबायला हवं. तेव्हा नवल उठून म्हणाला, "साहेब, शाळा बी पैसा देस नही. मंग ती बी बंद करशात का?" लोक हसले. साहेबही हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी मागे बसून मान खाली घातली होती. पगार घेणाऱ्या बाईने काय बोलायचं, असं वाटलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

म्हातारी पडल्यावर पंचायतीने शाखा हलवण्याआधीच्या पाहणीच्या अहवालाची नक्कल मागवली. ती आली त्या दिवशी नवल ती घेऊन माझ्या घरी आला. वाचायला मलाच दिली. पाहणी बारा जून, सकाळी दहा ते एक. ग्राहक तीन. पलीकडच्या गावाला बारमाही रस्ता. ग्रामस्थांची हरकत नाही. शाखा डाकपाल, म्हणजे मी, उपस्थित. खाली सही. ती सही मी लहानपणापासून ओळखते, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांच्या जागी तुझी तीच सही असायची. नवल म्हणाला, "अक्का, हाऊ कोन साहेब येल व्हता? आमले ते कोनी दिखना नही." मी म्हटलं, बघते. बस, एवढंच. माझं आडनाव सासरचं, म्हणून त्याला काही कळलं नाही. तो गेला आणि मी दार लावून घेतलं.

बारा जूनला आईचं वर्षश्राद्ध होतं, भाऊ. पारोळ्याला तू धोतर नेसून पाटावर बसला होतास आणि मी तुझ्या शेजारी. दहा ते एक आपण दोघं तिथेच होतो. तू इथे गावात आला नव्हतास आणि मीही इथे नव्हते, पोस्टात माझ्या जागी जाऊबाई बसली होती. तू स्वतःपुरतं खोटं लिहिलं असतंस तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तू मलाही हजर दाखवलंस. म्हणजे फरशी मी पाहिली, पावसाळा मला ठाऊक होता, आणि तरी मी तुझ्या शेजारी उभी राहून मान हलवली.

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. कारण हे पोस्ट मला तुझ्यामुळे मिळालं. बाईमाणसाने चारचौघांत बसून शिक्के मारायचे का, म्हणून घरात सगळे अडून बसले होते. तेव्हा तू धुळ्याहून दोन बस बदलून आलास आणि माझ्या सासऱ्यांसमोर, तोताराम आबांसमोर, अख्खी दुपार बसलास. चढ्या आवाजात एक शब्द बोलला नाहीस. शेवटी आबांनीच पुढची खोली पोस्टाला दिली. गावात मला कुणी मान देतं तर त्या दुपारमुळे. त्या माणसाविरुद्ध मी काय लिहून देणार?

काल पंचायतीच्या तक्रारीवरून नाशिकहून चौकशीला साहेब आले. वयस्कर, शांत बोलणारे. पंचायतीत बसून एकेकाला आत बोलावलं. मला विचारलं, "बारा जूनला पाहणी झाली?" मी म्हटलं, "नाही साहेब." "अहवालात तुम्ही हजर आहात." "मी पारोळ्याला होते. आईचं वर्षश्राद्ध होतं." त्यांनी पेन थांबवलं. "सही करणारे अधिकारी तुमच्या ओळखीचे आहेत?" भाऊ, खोटं बोलायला तिथे जागा होती. नाही म्हटलं असतं तर ते पुढे गेले असते. मी म्हटलं, "माझे सख्खे भाऊ. तेही तिथेच होते." त्यांनी पाणी पुढे केलं. मग मी न विचारता सांगितलं की तुझ्याकडे चार दिवसांत अकरा गावांची पाहणी दिली होती, गाडीला डिझेल मंजूर नव्हतं, आणि एक माणूस कमी करून त्याचं काम उरलेल्यांवर टाकलंय. त्यांनी तेही लिहून घेतलं. मी वाचून सही केली. जाताना त्यांनी पुढच्या आदेशापर्यंत मशीन परत गावात न्यायला सांगितलं. नवी पाहणी दिवाळीनंतर. तेव्हा काय होईल ते मला माहीत नाही. तोटा काही कमी झालेला नाही.

तुला नोटीस येईल. दोन दिवसांत की आठ, ठाऊक नाही. ती हातात पडेल तेव्हा तुझ्याविरुद्ध कोण बोललं हे तुला त्या कागदावरून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाही, कारण पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन. तू वाईट आहेस असं मात्र मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. रविवारी सकाळच्या बसने मी धुळ्याला येतेय. हवं ते बोल, ऐकून घेईन. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसेन. शिरपूरची शेवटची बस संध्याकाळी असते, तोवर मला घाई नाही.

तुझीच,
रूपा