मोहरीएवढे मणी

१२ मार्च, सकाळी ९
हिच्या सत्तराव्या वाढदिवसाचं ग्रीटिंग आजपासून सुरू. दुकानातलं ग्रीटिंग म्हणजे उसनं प्रेम. माझ्या कार्डावर तळं, तळ्यात चांदणं, सगळं मोहरीएवढ्या मण्यांचं. गोंदाचा थेंब टाकायचा, चिमट्याने मणी उचलून त्यावर बसवायचा. टार्गेट रोज शंभर. डेडलाइन २४.

१३ मार्च
मणी पंचवीस. गोंद पातळ.
दुपारी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकली. आभाळ निरभ्र. प्रतिभा म्हणतात ती हीच असावी.

१४ मार्च
कागदावर काळे मणी सांडलेत. उचलायला गेलो की सरकतात. हिला दाखवले. म्हणाली, अहो, इथे काहीच नाही. हिची नजर अधू झालीय. तपासून घ्यायला हवी.

१५ मार्च
हिला चष्मेवाल्याकडे नेलं. तिचा नंबर आहे तोच. तिने मात्र माझंच गाऱ्हाणं मांडलं. तो म्हणाला, काका, हे चष्म्याचं काम नाही, आजच्या आज डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा. उजवा डोळा तुमचा लहानपणापासून नावापुरता, सगळा कारभार डाव्यावर.
गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार. धंदा कळत नाही.
कार्ड झालं की जाईन.

१७ मार्च
मुलीचा फोन. बाबा, हट्ट पुरे, मी उद्याच येते. म्हटलं, रजा वाया घालवू नकोस, २४ ला येणारच आहेस. मला सगळं दिसतं. फक्त डावीकडे धुकं. शाळेत धुक्याची कविता शिकताना वर्गात एकट्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुक्याने ओळख ठेवली.

१९ मार्च
धुक्याचा काळा पडदा झाला. टेबल फिरवलं. पडदाही फिरला. दिव्याचा दोष.
हिला सांगितलं नाही. वाढदिवस तोंडावर, उगाच घोर नको.

२२ मार्च
अर्धा तास चिमटा शोधला. ही म्हणाली, हातात आहे. मग तिने परस्पर गाडी बोलावली. मी बाथरूममध्ये कडी लावून बसलो. ती दाराबाहेरून म्हणाली, मला कार्ड नको, तुमचा डोळा हवाय. गाडी परत गेली. जिंकलो.
आता मणी बोटांनी चाचपून लावतो. हातालाच नजर आलीय.

२४ मार्च, सकाळी ८
कार्ड पूर्ण. हिच्या हातात दिलं, वर स्वतः रचलेल्या चार ओळी म्हणून दाखवल्या. हिने कार्ड उजेडात धरलं. मग मुलीला हाक मारली. मुलीने माझं बोट धरून कागदावरून फिरवलं. उजवीकडे मणी. डावीकडे नुसते गोंदाचे थेंब, वाळलेले, ओळीने.
मीच चप्पल मागितली.

२५ मार्च
हॉस्पिटल. काल नुसत्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? मी म्हटलं, कालपासून. ही म्हणाली, अकरा दिवस. बाई म्हणाल्या, लगेच आला असता तर लेसरवर भागलं असतं. उद्या ऑपरेशन करू, पण किती दिसेल ते सांगता येणार नाही.
लिहिलेलं मागच्या ओळीवर चढतंय का, हिला विचारायला हवं.