कोपरीची पिवळी रेघ

कोपरी, ठाणे. १ जानेवारी १८८२
माझ्या हाताने केलेल्या वस्तू, आजपावेतो: स्पेक्ट्रोस्कोप, एक. त्याची नळी हुक्क्याच्या पितळेची, आतून काजळ धरलेली. प्रिझम म्हणजे लिलावातल्या झुंबराचा लोलक, पावसाळाभर घासलेला. भिंगं कै. सासरेबुवांच्या चष्म्याची (ते वारल्यावर काढली, गोदेने उगाच बोलू नये). उजेड आत यायची फट दगडू न्हाव्याच्या दोन मोडक्या वस्तऱ्यांची. दिवा दोनदा गाळलेल्या दारूचा, निळ्या ज्योतीचा. आणि माझं इंग्रजी. तेही हातचंच, पाद्रीसाहेबाच्या रद्दीतल्या मॅगझिनांवरून.
संकल्प: नवीन धातू शोधणे. पंढरीदादाशी वाद न घालणे. मिरगाच्या आत मिठागरातून कायमचं सुटणे.

६ जानेवारी
तत्त्व सोपं आहे. प्रत्येक धातू ज्योतीत धरला की नळीत आपापल्या रंगाची रेघ दाखवतो. अनोळखी रेघ म्हणजे अनोळखी धातू. जर्मनीत असे दोन सापडले, लोकांची नावं झाली.
अंधार हवा. कोपरीत बिनखिडकीची जागा एकच, आमचं मिठाचं कोठार. दादा म्हणाला, बस, पण गोण्याही राख. जाताना सवयीने बाहेरून कडी घालून गेला. दुपारभर आत. ओरडलो नाही. संशोधकाने ओरडू नये.

११ जानेवारी
सापडली! पिवळी. ठसठशीत. लाकूड जाळलं, तीच. तांब्याची तार, तीच. स्वतःचा केस, तीच. काहीही न जाळता नुसत्या ज्योतीतही तीच. धातू केवढा व्यापक असेल!
मीठही पिवळी रेघ देतं, हे मला ठाऊक आहे. पण मॅगझिनप्रमाणे मिठाच्या रेघा दोन, एकमेकींना चिकटलेल्या. माझी एक. चारदा पाहिलं. एकच. तेव्हा मीठ नव्हे. भोवतीच्या गोण्यांकडे बघून जरा हसलो.

२२ जानेवारी
नाव ठरलं: ठाणियम. लंडनला बोलावणं येईल म्हणून हस्तांदोलनाचा सराव, गोदेबरोबर. तिचा हात खरखरीत. तिने विचारलं, अजून किती वेळ धरायचा.
दादाने दिवा हुंगला. म्हणाला, गोप्या, पितोस ते पी, पण दार लावून कशाला पितोस. समजावलं नाही. संकल्प क्रमांक दोन.

५ फेब्रुवारी
मीठखात्याचा तराजू दुरुस्त करायला मुंबईहून फरामजी नावाचे पारशी गृहस्थ आले होते. फोर्टात भिंगांचं दुकान. कोणीतरी माझी नळी दाखवली. पाऊण तास डोळा लावून बसले. मग म्हणाले, हात फार चांगला आहे, दुकानात या, यंत्रं करा. रक्कमही बोलले. ती इथे लिहीत नाही; लिहिली की डोक्यात बसते. जागा पाडव्यापर्यंत राखतील.
जाता जाता म्हणाले, फट रुंद आहे, अर्ध्याहून बारीक करा.
माझी फट! जिला मी आठ दिवस कानस मारली! मी संशोधक आहे, दुकानातला कारागीर नव्हे. विचार करून कळवतो म्हणालो. विचार केलेला नाही.

६ फेब्रुवारी
गोदेला कुठून तरी कळलं. ती सकाळपासून आगरात मीठ वाहते, संध्याकाळी टाचांच्या भेगांत मेण भरते. भरता भरता, वर न बघता विचारलं, "तिथं पाय मिठात घालावं लागंल का?"
मी म्हटलं, ठाणियम जाहीर झालं की आपल्याला कुठेच पाय घालावे लागणार नाहीत. ती मेण भरत राहिली.

१९ फेब्रुवारी
मालनताईकडे खडवलीला. यंत्र बरोबर नेलं. नदीवर आंघोळ, धुतलेले कपडे, दिव्याला ताईच्या हातची नवी वात. रेघ जवळजवळ नाहीच! धुकं बघावं तशी.
पक्कं झालं. हा धातू फक्त ठाण्याच्या खाडीकाठी मिळतो. म्हणजे खाणही आमचीच. भावजी म्हणाले, मग दादाला सांगा, गोणीत भरून विकेल. त्यांना विज्ञान कळत नाही.

४ मार्च, होळी
वाळलो म्हणून गोदेने माझी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या ओवाळून अंगणातल्या शेगडीत टाकल्या. मी तेव्हा निखाऱ्यांचा वर्णपट बघत नळीला डोळा लावून होतो. रेघ अशी भडकली की मागे सरलो.
गोदा म्हणाली, केवढी दृष्ट होती बघा.
मोहरी! मोहरीत ठाणियम आहे.

१२ मार्च
पुन्हा खडवलीला. पावशेर मोहरी. नदीच्या पाण्यात धुऊन जाळली: काही नाही. पुन्हा: काही नाही. डोळ्यांची आग.
काटेकोरपणासाठी मग मीठ जाळलं. रेघ तिथेच. तीच. पण एकच!
रात्री विचार केला. निष्कर्ष एकच निघतो. मॅगझिन चुकलं. मिठाची रेघ एकच असते आणि जर्मन लोकांना दोन दिसतात. हा तर ठाणियमहून मोठा शोध.

२० मार्च, पाडवा
फरामजींना नकार कळवला. तीन ओळी, इंग्रजीत, स्पेलिंग तपासून.
गोदेने गुढी उभारली, श्रीखंड वाढलं. काल तिने पत्र्याची पेटी पुसून ठेवली होती. आज ती पुन्हा माळ्यावर दिसली.

२३ मार्च
जर्मनांची चूक जाहीर करण्याआधी आक्षेपाला जागा नको, म्हणून फट बारीक केली. केवळ फरामजींची खोड मोडायला. दोन पात्यांमध्ये गोदेचा एक केस धरला, पाती त्याला टेकवली, केस ओढून घेतला. दिवा लावला. काही जाळलं नाही. कोठारातली हवा पुरली.
दोन.
डोळा चोळून पुन्हा.
दोन. चिकटून. मॅगझिनात आहेत तशा.
उठलो. दार ढकललं. दादा कडी घालून गेला होता. ओठ कोरडे पडले होते, जीभ फिरवली. खारट. हातही खारट. सदरा, नळी, वात, भिंत. पहिल्यांदाच ओरडलो. कोणी नव्हतं. सगळे आगरात.

३० मार्च
फरामजींना सहज विचारून पाहिलं होतं. उत्तर आलं. जागा भरली, सुरतेच्या एका मुलाने. फार सभ्यपणे लिहिलं आहे. शेवटी विचारलं आहे, फट बारीक केली का.
गोदेला वाचून दाखवलं. ती टोपली घेऊन उभी होती. म्हणाली, "सांजच्याला मेण आना. संपलंय." आणि गेली.
आता लिहायला हरकत नाही. फरामजींनी देऊ केलं होतं ते असं: काम फक्त काचेचं आणि पितळेचं. दुकानाच्या माथ्यावर राहायला खोली, कोरडी, लाकडी जमिनीची. आणि दरमहा पस्तीस रुपये.