दाढदुखी

कुलानतोबे,
१४ सप्टेंबर १९६७

चि. स्मागुल यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझा नवा चित्रपट गावच्या सभागृहात दोनदा दाखवला. तू मरतोस तिथं आई उठून घरी आली, म्हणाली, हे मला बघवत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथपर्यंत बघून आली. तेविसाव्या वर्षापासून तू दाढी चिकटवून जगाचे बाप रंगवतोस. तरणा नायक तुला कोणी दिलाच नाही, हे आईला अजून बोचतं.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात तू आलास तेव्हा जाकान काकांनी तुझ्यासाठी मेंढा कापला, मानाचं म्हणून डोकं तुझ्यापुढे ठेवलं, आणि तू ताट सरकवलंस. दाढ दुखते म्हणालास. डोकं कापायला सुरी लागते, दाढ लागत नाही. शिवाय त्याच जेवणात तू हाडं फोडून खात होतास, मी पाहिलं. काका म्हणतात, पोरगा शहरात जाऊन शेफारला. तसं असतं तर मी निवांत झोपले असते.

दोन वर्षांपूर्वी याच काकांकडे तू डोकं मुकाट्यानं कापलं होतंस. ज्याचा बाप जिवंत असेल त्यानं डोक्याला सुरी लावायची नाही, हा आपला रिवाज. पण बाबांचा लढाईत ठावठिकाणा लागत नाही असा कागद त्रेचाळीस सालीच आला, म्हणून तेव्हा कोणी अडवलं नाही. मग मध्ये काय झालं? मध्ये तू चित्रपटाबरोबर इस्तंबूलला जाऊन आलास. आल्यावर आईला शाल दिलीस आणि चहा पिता पिता विचारलंस, बाबांचं कुठलं बोट अर्धं होतं? इतक्या वर्षांनी बोट कशाला आठवलं? काय ते सरळ कळव.

कामिलाला आणि मुलांना जवळ घेतलं म्हणून सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उलबोसिन अक्का

---

आल्मा-आता,
२ ऑक्टोबर १९६७

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पाकिटावर डिंक मात्र दोन रंगांचा होता. तू दोनदा चिकटवतेस का? नसशील, तर जरा बेतानं लिहीत जा.

इकडे तालमी जोरात आहेत. यंदा मी एक आंधळा खान करतोय. दिग्दर्शक म्हणतो, तुला म्हातारपण फार लवकर जमलं. बोटाचं म्हणशील तर एका जखमी सैनिकाच्या भूमिकेसाठी विचारलं होतं. नटाला असल्या बारीकसारीक गोष्टी लागतात. आणि दाढ खरोखरच दुखते. काकांची मी माफी मागितली म्हणून सांग.

आईला दंडवत. राग नसावा, जीव असावा.

तुझा,
स्मागुल

---

कुलानतोबे,
२१ ऑक्टोबर १९६७

चि. स्मागुल यास अनेक आशीर्वाद.

पाकीट मी एकदाच चिकटवते. खोटं बोलायचा तुला नाटकात पगार मिळतो, घरच्यांशी फुकट कशाला बोलतोस? कामिला परवा सफरचंदं घेऊन आली होती. मी सहज विचारलं. जखमी सैनिकाची भूमिका तिला ठाऊक नाही, आणि तुझे दात घोड्यासारखे आहेत म्हणाली.

आईला मी काही बोलले नाही. पण आता कोणीही तुझ्या जेवणाची हकिकत सांगितली की ती एकच विचारते, डोकं कापलं का त्यानं? म्हणजे तिलाही वास लागलाय. दर शुक्रवारी ती गेलेल्यांच्या नावानं सात पोळ्या तळते. सगळ्यांची नावं घेते, बाबांचं एकदाही घेतलं नाही. भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करायचं या रिवाजाप्रमाणे जाकान काकांनी मागणी घातली, तीही तिनं परतवली. पंचवीस वर्षं झाली, स्मागुल. ती कोणाची वाट बघतेय हे तिला कळायला हवं. जिवंत असून आला नसेल, तर तेही कळायला हवं.

रागावले आहे, तरी तुझीच,
अक्का

---

आल्मा-आता,
९ नोव्हेंबर १९६७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र कोणाच्या तरी हाती पाठवणार होतो, पण नेणाऱ्याचाही भरवसा वाटेना. तेव्हा कामाचंच लिहितो.

माझ्याकडे एक नाटक आलंय. कुठल्या देशातलं, कुठल्या लढाईतलं, ते लेखकानं लिहिलेलं नाही. शत्रूच्या हाती सापडलेला एक माणूस सुटतो, पण घरी परतत नाही. परतला तर त्याला फितूर म्हणून धरतील आणि त्याच्या मुलांना शाळेची दारं बंद होतील. म्हणून तो लांबच्या शहरात चामड्याचे कोट शिवत बसतो. दुसरं लग्न करत नाही. मुलगा एकदा समोर येतो, तेव्हा तो त्याला हात लावायलाही घाबरतो. नाटक चांगलं आहे, पण रंगमंचावर यायचं नाही. आईला गोष्ट म्हणून सांग, पण शेजारी कोणी नसताना.

माझी दाढ अजून पुष्कळ वर्षं दुखत राहावी अशी प्रार्थना कर.

तुझा,
स्मागुल

---

आल्मा-आता,
१६ फेब्रुवारी १९६८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

आंधळा खान बरा गाजला. लोक पडदा पडल्यावरही बसून राहतात. गेल्या महिन्यात आमचं गाणारं मंडळ परदेशी फिरून आलं, त्यांच्याकडून तिकडची खबर कळली.

परवा जांबुलला प्रयोगानंतर मेजवानी होती. यजमानांनी डोकं माझ्यापुढे ठेवलं. मी ते कापलं. रिवाजाप्रमाणे कान लेकरांना दिला. कापताना क्षणभर डोळे मिटले, पण खानाची भूमिका अजून उतरली नसेल असं सगळ्यांना वाटलं.

दाढ आता दुखत नाही. आईला सांग.

स्मागुल

---

कुलानतोबे,
२९ फेब्रुवारी १९६८

चि. स्मागुल यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाची गोष्ट आईला हिवाळ्यातच सांगितली होती. तेव्हा तिनं एवढंच विचारलं, त्या कोट शिवणाऱ्याला चहात दूध घालून कोण देतं?

काल तुझं पत्र वाचून दाखवलं. डोकं कापल्याची ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. मग उठली आणि पीठ मळायला घेतलं. बुधवार होता, शुक्रवार नव्हे. सात पोळ्या तळल्या, नावं घेतली, आणि शेवटी बाबांचं नाव घेतलं. तिच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी रडले, ती रडली नाही. पोळ्या सात घरी स्वतः वाटून आली. जाकान काकांनी विचारलं, आज कोणासाठी? ती म्हणाली, माझ्या माणसासाठी, जरा उशीर झाला.

तुझ्यावर मी फार संशय घेतला, त्याचं मनात धरू नकोस. मधे कोणी हे पत्र उघडून वाचत असेल, तर त्यानंही एक पोळी खाल्ली असं समजावं.

वसंतात सगळ्यांना घेऊन ये. आईनं मेंढा बांधून ठेवलाय. डोकं ती स्वतः तुझ्यापुढे ठेवणार आहे, आणि तू विचारलेलं अर्धं बोट डाव्या हाताची करंगळी होती म्हणून सांग म्हणाली.

तुझी,
अक्का