विटकरी गोळी

प्रिय बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला माहीत आहे. शाळेत जेवढा टिकलो तेवढ्यात तेवढं शिकवलं होतं. पण तो शब्द घातला की खालचं लिहायला हात धजणार नाही, म्हणून प्रियच लिहिलं. फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्याकडे फोन म्हणजे आई, आणि आईचा फोन म्हणजे स्पीकर. शेजारच्या काकू मधूनच माझ्या पगाराची चौकशी करतात. पाकिटावर तुमचं एकट्याचं नाव घातलंय. आईच्या आधी तुमच्या हाती पडलं तर बरं.

आज वारा फार आहे, क्रेन बंद. अशा दिवशी तिचा ब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे आडवा दांडा वाऱ्याबरोबर हवा तसा फिरतो, अडून मोडत नाही. आम्ही सगळे खाली पत्र्याच्या खोलीत बसलोय. कोणी पत्ते खेळतंय, कोणी ओले मोजे हीटरवर वाळवतंय. मी खिडकीतून आपली क्रेन बघतोय. रिकामी, स्वतःशीच फिरतेय. तुम्ही मला भिंगरी म्हणायचात, कुठे बूड टेकत नाही म्हणून. गॅरेज सोडलं, हॉटेल सोडलं, रंगकाम सोडलं. आणि शेवटी मिळालं काय, तर दिवसभर एका खुर्चीत बसायचं काम, तेही आभाळात. तुम्ही हसला होतात तेव्हा. फार वेळा हसत नाही तुम्ही, म्हणून लक्षात आहे.

मागे घरी आलो तेव्हा आतड्याला सूज आहे, गोळ्या चालू आहेत, एवढंच सांगितलं. सगळं नव्हतं सांगितलं. सुरुवात वर केबिनमध्ये झाली. शिडी चढून जायलाच इतका वेळ लागतो की मधे कोणी उतरत नाही. वर एक झाकणाची बादली असते, सगळ्यांचीच असते, त्यात लाजायचं काही नाही. पण ती सारखी लागायला लागली. खालून हुकाला माल बांधून मला इशारे देणारा एक जण आहे, वॉकीटॉकीवर दिवसभर बडबडतो म्हणून त्याला पोपट म्हणतात. तो विचारायचा, काय राव, वर दुसरं बिऱ्हाड थाटलंय का, माल लटकवून जातोस कुठे? मीही हसायचो. मग एकदा सळ्यांचा भारा अर्ध्यावर असताना कळ आली. भारा नीट खाली टेकवला, पोपटाने हुक सोडवला, आणि मग मी खुर्चीतून उठलो. उशीर झाला होता. आणि नुसतं तेवढंच नव्हतं, रक्त होतं.

डॉक्टरीणबाईंनी खालून कॅमेरा घालून बघितलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा आहेत म्हणाल्या. पुरता जात नाही हा आजार, पण औषधाने शांत ठेवता येतो. मी त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर बघत होतो. मागचाच महिना होता त्यावर, पान उलटायचं राहिलं होतं. आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून मी थांबलो. वाटलं नाही. बाहेर आलो, केळी घेतली, खोलीवर येऊन झोपलो. अजूनही काही वाटलेलं नाही, बाबा. पाय बधिर झाल्यावर आपण तो हाताने उचलून ठेवतो ना, तसं स्वतःला उचलून कामावर नेतो आणि परत आणतो.

गोळी तुम्ही पाहिली आहे. विटकरी रंगाची, लांबट. ती सुजेवरच काम करते, पण अंगदुखीच्या गोळीसारखी नाही. त्या गोळ्यांनी माझ्यासारख्याचं पोट उलट चिघळतं, त्या घ्यायला मला मनाई आहे. विटकरी गोळीने थोड्या दिवसांत आराम पडला. मग एकदा संडासात बघतो तर गोळी आख्खीच बाहेर आलेली. म्हटलं, ही विरघळतच नाही, फसवलं आपल्याला. आणि मला तुमचा खलबत्ता आठवला. तुमच्या घशाखाली आख्खी गोळी कधी उतरली नाही. तापाचीसुद्धा कुटूनच घ्यायचात, आणि आम्हालाही तशीच द्यायचात, कुटली की लवकर लागू पडते म्हणून. माझ्याकडे खलबत्ता कुठला? पान्याच्या दांड्याने वाटीत कुटली आणि चहाबरोबर घेतली. रोज. पहिल्यापेक्षा वाईट झालं. मुकादमाने क्रेनवरून उतरवून खाली सळ्या निवडायला बसवलं. नव्या पोराला माझी खुर्ची दिली. तेव्हाही काही वाटलं नाही, फक्त मान दुखायची सारखं वर बघून.

दवाखान्यात एक वयस्कर नर्स आहेत, मी मनात त्यांना मावशी म्हणतो. त्यांना कुटायचं सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, अरे शहाण्या, तो वरचा विटकरी लेप उगाच दिलाय का? तो पोटात टिकतो आणि खाली पोचल्यावरच उघडतो, म्हणजे औषध जिथे सूज आहे तिथे सांडतं. तू टपाल पेटीत टाकायच्या आधीच फाडतोस, मग पोचणार काय? आणि बाहेर दिसलं ते कधीकधी नुसतं टरफल असतं. सारखं दिसलं तर आम्हाला सांगायचं, कुटत नाही बसायचं. तेव्हापासून आख्खी गिळतो. आता परत वर बसतोय.

हा कुटायचा किस्सा मी घरी सांगितला नाही. आईने वर्षभर हसून काढलं असतं. सांगायला हवा होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का? मी म्हटलं, छे, आमचे वडील बसड्रायव्हर, त्यांना काय होतंय. पण वर बसलं की डोकं रिकामं असतं, त्यात काय काय येतं. तुमच्या रूटवरचा प्रत्येक संडास तुम्हाला पाठ होता. तुमचा कंडक्टर म्हणायचा, साहेबांच्या गाडीला पाणी कमी, पण साहेबांनाच जास्त लागतं. लग्नात तुम्ही दाराजवळची खुर्ची धरायचात आणि पंगत बसायच्या आत नाहीसे व्हायचात. मामा म्हणायचे, भावजींना आमचं जेवण चालत नाही. मग एके दिवशी तुम्ही स्टेअरिंग सोडलं आणि डेपोतल्या टायरच्या गोदामात बसायला लागलात, कमी पगारावर. आई अजून ऐकवते, धडधाकट माणूस, गाडी सोडून टायर मोजत बसला. ते गोदाम मला आठवतं, बाबा. एक दार, एक खुर्ची, आणि त्या खुर्चीच्या मागेच डेपोचा संडास.

आणि घरी मी आजाराचं सांगितलं तेव्हा आई भाजी निवडताना शंभर प्रश्न विचारत होती. तुम्ही पेपरमध्ये डोकं घालून होतात. आई उठून आत गेली तेव्हा पेपरच्या मागूनच तुम्ही विचारलंत, गोळीने रक्त थांबलं का रे? मी हो म्हणालो. तुम्ही पान उलटलंत. मी रक्ताचं घरी कोणासमोर बोललोच नव्हतो, हे माझ्या डोक्यात इथे आल्यावर शिरलं. गोळ्यांचा डबा हलका लागला तेही इथे आल्यावरच. वाटलं, प्रवासात कुठेतरी सांडल्या.

परवा आईचा फोन आला. भाव, पाहुणे, काकूंची सून, सगळं झालं आणि शेवटी म्हणाली, अरे, तुझे बाबा रोज सकाळी खलबत्त्यात काहीतरी विटकरी कुटतात, विचारलं तर खेकसतात, आणि कपडे तर अंगावर टांगल्यासारखे झालेत. म्हणून हे पत्र. कुटू नका, बाबा. ते पोचत नाही. आणि आख्ख्याही माझ्यातल्या घेऊ नका, त्या मला तपासून दिल्यात. पाठीसाठी दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्या घेता त्या थांबवा. पोटाच्या डॉक्टरकडे जा, रक्त जातं म्हणून सांगा, आणि किती वर्षं ते खरं सांगा. जुनं दुखणं असेल तर कॅमेऱ्याने बघावंच लागतं. त्यात फार दुखत नाही, झोपवतात. घशाचंही सांगा, गिळायला सोपं असं दुसरं औषध असेल तर ते देतील. नाही गेलात तर मी सुट्टी टाकून येतो आणि स्पीकरवर नाही, समोर बोलतो. जाताना कोणी सोबत हवं असेल तर मिस्ड कॉल द्या, मी समजेन. आईला मी सांगितलंय की ते दातांचं मंजन आहे. तिचा विश्वास बसलाय, कालपासून ती तुमच्या हिरड्यांची काळजी करतेय. तिला खरं काय ते तुम्ही सांगा, तुम्हाला जमेल तेव्हा. वारा पडलाय, पोपट हाका मारतोय, वर जायचंय.

दाराजवळच्या खुर्चीवरचा, तुमचाच
भिंगरी