झाकण लावल्यावरचा पंखा

रविवार, ४ जानेवारी

आले! अकरा जण. माणिकपूरच्या एका क्लासची वरची खोली फुकट मिळाली म्हणून हा उद्योग — नवख्यांना लिनक्सच्या कर्नलची ओळख. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, जगभरातले लोक मिळून लिहितात, तुम्हीही लिहू शकता. एवढं सांगून होतंय तोच कुशल नावाचा एक : “सर, सर्टिफिकेट मिळेल ना?”

धन्य!

नालासोपाऱ्याची पूर्वी नावाची मुलगी विटेसारखा जाड लॅपटॉप घेऊन आलेली. बिजागरी तुटकी, झाकणाला चिकटपट्टी. “सर, याचा ना—” म्हणून काहीतरी सुरू केलं तिनं. म्हटलं, “हे आधी भंगारात घाल, मग ये!” सगळे हसले. वसईगावातला फ्लॉईड तेवढा म्हणाला, “सर, तुम्हीच आत्ता बोलले ना, हे जुन्यातल्या जुन्या मशीनवर पण चालतं?” आगाऊ कार्टं.

रविवार, ११ जानेवारी

पाचच आले. पूर्वी नाही. बरं झालं, गर्दी कमी.

दुरुस्ती — म्हणजे पॅच — कशी पाठवायची ते शिकवलं. साधी मेल, साधा मजकूर, बस. तीनदा सांगितलं. कुशलनं काय करावं? कोडचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला! वर ‘रिस्पेक्टेड सर’, खाली ‘आपला आज्ञाधारक’. पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, १४ जानेवारी

कुशलनं आज कर्नलच्या मेलिंग लिस्टवर, जगभरातले लोक वाचतात त्या लिस्टवर, ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ पाठवलं. हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या फोटोसकट! कुणीतरी परदेशातून शांतपणे विचारलंय, यात दुरुस्त काय झालं?

शुक्रवार, १६ जानेवारी

माझ्या पॅचला उत्तर आलं! दोन वर्षं या पॅचवर घासतोय. एका जुन्या मॉडेलच्या लॅपटॉपचं झाकण लावलं तरी पंखा फिरतच राहतो, त्याची दुरुस्ती. कर्नलचा हा भाग सांभाळणारा जर्मनीतला फ्रेडरिक लिहितो — कोड चांगला आहे. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी खऱ्या मशीनवर चालवून सांगायला हवं. हे मॉडेल आता कुणाकडे दिसत नाही. आठवड्यात कुणी सापडलं नाही, तर मी त्याचा कोडच कर्नलमधून काढून टाकणार.

काढून टाकणार! माझा स्वतःचा तसला लॅपटॉप गेल्या वर्षीच जळाला. हवा तो फक्त एकच माणूस, तसलं मशीन असलेला. आणि माझ्या वाट्याला काय, तर कुशल!

शनिवार, १७ जानेवारी

वसई-विरारची दुरुस्तीची दुकानं पालथी घातली. “साहेब, म्युझियममध्ये बघा,” म्हणे. दात काढून.

रविवार, १८ जानेवारी

एकटा फ्लॉईड आला. शिकवायचं मन नव्हतं, त्याला सगळं सांगून टाकलं. त्यानं पहिल्या दिवशी काढलेला वर्गाचा फोटो मोबाइलवर उघडून समोर धरला. कोपऱ्यात पूर्वी, पुढ्यात तिचा लॅपटॉप. मोठा करून पाहिला.

तेच मॉडेल! तेच!! माझ्यापासून दोन हातांवर होतं!

“सर, तुम्ही नीट बघितलंच कुठे?” फ्लॉईड म्हणाला. पूर्वीला लगेच फोन लावला, उचलला नाही. ती नाही कशाला म्हणेल? आनंदच होईल तिला!

सोमवार, १९ जानेवारी

पूर्वीचा फोन. “सर, तो दिला ना भंगारात. तुम्ही बोललात म्हणून. झाकण लावलं तरी पंखा बंदच नाही व्हायचा त्याचा, तेच विचारायचं होतं त्या दिवशी. आता दादाचा लॅपटॉप मिळालाय. येऊ ना मी?”