समुद्र बंद असतो तेव्हा

६ मे २००३

वही, राग मानू नकोस. संक्रांतीनंतर तुला हात लावला नाही. आधी कांद्याची काढणी, मग डोळ्याचं दुखणं, मग नुसता आळस. आज लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून बसलो.

पेपरात बातमी आहे. गोव्याकडे मासेमारीची होडी उलटली. दोघं गेले. नावं दिलेली नाहीत! दोन नावं छापायला शाई संपली होती काय?

सोपान तिकडेच आहे. माझा एकुलता. कांद्याच्या ट्रकबरोबर मडगावला जायचा, तिथल्या खारव्याच्या मुलीशी लग्न करून बसला. बेतुल नावाच्या गावात सासऱ्याच्या होडीवर असतो. बागायत सोडून जाळी ओढतो! तेव्हापासून त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही, त्यानं ही पायरी चढायची नाही, असं मी सांगून ठेवलंय. आता विचारू कुणाला?

बातमी झुंबरला मोठ्याने वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "व्हतं असं. समिंदर हाय त्यो," म्हणाली आणि भाकरी उलटली. आई आहे की पाटा-वरवंटा!

८ मे

आजच्या पेपरातही नावं नाहीत.

१२ मे

मंचरला गेलो. कांद्याचा भाव बघायचं निमित्त. मोहनलालशेठच्या गाळ्यावर बसलो. त्यांचा कांदा-बटाटा गोव्याला जातो. हळूच विचारलं, "शेठ, गोव्यात मासेमारी केव्हा चालू असते आणि केव्हा बंद?"

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "तात्या, सकाळी सकाळी जैनाच्या गादीवर मासळी काढता? घरी आमच्या प्यारीबाईनं ऐकलं तर मला गादीसकट धुऊन काढंल!" हमाल खो खो हसले. मीही हसलो. काय करणार?

मग शेठनी सयाजी ड्रायव्हरला हाक मारली. "ह्यांना काय ते माशांचं सांग. पण तिकडं, बाहेर."

सयाजी गाळ्यावर नवा आहे, दर आठवड्याला मडगावला जातो. तो म्हणाला, "थंडीत बांगडा लई. तवा तिथं एक बाप्या घरात घावायचा न्हाई. पावसाळ्यात मासळी अंडी घालती, मग समुद्र बंद. सरकारचा हुकूम हाय."

"कुठल्या तारखेपासून?"

"ते काय मला ठावं न्हाई राव. पाऊस लागला की होड्या वर ओढत्यात. नारळी पुनवंला नारळ टाकला की पुन्ना पाण्यात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तुमाला मासं धरायला जायचंय का काय, तात्या?"

हो म्हणालो. दुसरं काय सांगू!

"ह्या वयात?"

"हौस आहे."

आता सगळ्या बाजारात बोभाटा झाला असणार. निमगाव सावाचा तात्या गोव्याला मासे धरायला चाललाय!

१९ मे

आठवडे बाजारात सुकट विकणारीला विचारलं. ती म्हणते, बंद-बिंद काही नसतं, खाडीत बारमाही चालतं. सयाजी म्हणतो, मोठ्या होड्या बंद म्हणजे बंद. पोस्टमन म्हणतो, ते सरकार दर वर्षी तारीख बदलतं. एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. आपल्याकडे कसं, मिरग लागला की लागला, तिफण धरायची. त्याला हुकूम लागत नाही.

पंचांग काढून बसलो. आखाड बरा. आखाडात समुद्र हमखास बंद असणार. तो ओसरीवर जाळं नीट करत बसलेला सापडेल. समुद्र चालू असताना गेलो तर तो पाण्यात आणि मी काठावर त्या बाईबरोबर! काय बोलायचं तिच्याशी?

बोलायचं तसं त्याच्याशीही नाही. लांबून बघायचं. आहे का नाही, एवढंच.

२ जून

छातीत धडधड होते. नारायणगावचा डॉक्टर म्हणाला, काळजी करू नका. फी घेऊन हेच सांगतो.

सयाजीला सांगितलं, बेतुलला आपल्याकडचा सोपान म्हणून कुणी आहे का बघ. घर तेवढं विचारून ठेव. "कोन तुमचा?" म्हणाला. ओळखीचा आहे म्हणालो. जीभ कशी वळली कुणास ठाऊक.

१ जुलै

झुंबर खोडदला गेली, भावाकडे. दर आखाडात जाते. नव्या नवरीनं पहिला आखाड माहेरी काढावा अशी आपल्याकडे रीत. ही साठी उलटलेली नवरी! प्रयागबाई शेजारच्या ओट्यावरून ओरडली, "निघाली का गं नवी नवरी? सासूचा जाच व्हतोय जनू!"

झुंबर म्हणाली, "सासू गेली बाई. तिचा ल्योक हाय ना जाच करायला."

सगळ्या हसल्या. माझ्या तोंडावर हसतात.

जाऊ दे. बरंच झालं. ती इथं नाही तोवर जाऊन येतो. पुढच्या खेपेला सयाजीच्या ट्रकनं निघायचं. दोन धोतरं, टॉवेल, गोळ्या. शेंगा भाजून घेतल्या, वाटेत खायला. जास्तच भाजल्या गेल्या.

५ जुलै

अक्षर वाकडं येतंय.

सयाजी मंचरला भेटला. म्हणाला, "तात्या, तुमच्या वळखीच्याचं घर घावलं."

"आहे ना तो? जिवंत आहे ना?"

"असंल की! घराला कुलूप हाय. होडी वर ओढून झाकून ठिवलीय. शेजारीण म्हनली, समुद्र बंद झाला की दर वर्साला बायकापोरीला घिऊन घाटावर गावी जातोय. मोठ्या मोठ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून हायेत ना, त्या गावाला." आणि हसला. "म्हंजी आपलं दुर्बिनीचं खोडदच की वो! तुमी गोव्याला निघालाय आन् त्यो तुमच्या सासुरवाडीत!"

गाळ्यासमोरच्या पोत्यावर बसलो. शेठनी पाणी मागवलं.

खोडद. आखाड. झुंबर!

तो गेल्यापासूनच ही आखाडात जायला लागली. त्याआधी कधी गेली होती? दर वर्षी येताना सुके बांगडे आणते. नारायणगावच्या बाजारात स्वस्त मिळाले म्हणते. मी खारट खारट म्हणून नावं ठेवतो आणि आणखी एक वाढायला सांगतो. कुणाचे बांगडे खात होतो मी?

म्हणून बातमी ऐकून हिचा हात थांबला नाही. हिला सगळं ठाऊक असतं. मेहुण्याला, कुंडलिकला, ठाऊक. प्रयागबाईलाही असणार. त्या ओट्यावरच्या सगळ्या हसतात त्या कशाला हसतात! आणि मी भर बाजारात विचारत फिरतो, समुद्र केव्हा बंद असतो?

६ जुलै

जेवलो नाही. भाकरी कुत्र्याला घातली. तेही बेटं हुंगून निघून गेलं.

९ जुलै

खोडदला जाऊन आलो. भांडायलाच गेलो होतो. सगळी वाक्यं वाटेत जुळवली होती. नारायणगावहून जीपमध्ये मागं लटकत गेलो.

कुंडलिकच्या घरासमोर पार आहे. दम लागला म्हणून टेकलो. तेवढ्यात आतून एक पोरगी आली. सहा-सात वर्षांची, काळीसावळी, नाक आमच्या घरचं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमकां कोण जाय?"

कोण पाहिजे म्हणत असावी. मी म्हणालो, "कुणी नाही. तहान लागलीय."

तांब्या भरून आणला. सांडत सांडत.

"नाव काय तुझं?"

"समृद्धी."

"इथं कुणाकडे आलीस?"

"आजीकडे. पाऊस लागला की येतो आमी."

"आणि आजोबा?"

"आजोबा मेले." तोंडपाठ असल्यासारखं म्हणाली. "मी नव्हते तेव्हाच मेले. पपांनी सांगितलं."

आतून कुणीतरी हसलं. आवाज ओळखला. जरा जाड झालाय. झुंबरही हसत होती. माझ्या घरात ती अशी हसत नाही.

पाणी सगळं प्यायलो. हौदाशी जाऊन तांब्या धुतला, पारावर पालथा ठेवला. दार उघडं होतं. चार पावलांवर. पण मेलेल्या माणसानं दारात उभं राहायचं तरी कसं? मी त्याचं नुसतं नाव बंद केलं होतं. ह्यानं माझा जीवच घेतला! बापाच्या पुढचा निघाला.

जीपवाला ओरडत होता, "चला नारायणगाव, नारायणगाव!" चढलो. त्याचा टेप एवढा मोठा लावलेला की कानाचे पडदे फाटावेत.

१६ जुलै

आखाड संपला की येईल ती. येऊ दे. उंबऱ्यातच विचारणार.

२९ जुलै

दिव्याची अवस. झुंबर आली.

मी तोंड उघडायच्या आधीच पिशवी ठेवून म्हणाली, "तुमी आला व्हता."

मी तिची पिशवी खुंटीला अडकवली.

"पोर म्हनली, एक म्हातारं पानी पिऊन गेलं, तांब्या धुऊन पालथा घातला. असा तांब्या दुसरं कोन ठिवतंय? मी नुसतं म्हनाले, अगं बाई, आन् त्यो ताटावरनं उठला. उष्ट्या हातानं पळाला. जीपच्या मागं, पार तबकड्यांच्या कुंपनापत्तोर. तात्या, तात्या करून वरडत व्हता. तुमी मागं वळून बघितलं न्हाई."

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो. "टेप लावला होता."

"त्याला वाटलं, बघायचंच न्हाई तुमाला."

"मग घरी का नाही आला?"

"पायरी चढायची न्हाई, हे कोन म्हनलं व्हतं? मी?"

मग मी विचारलं, पोरीला मेलो म्हणून का सांगितलं? ती कंदिलाची काच पुसत होती. म्हणाली, "आजोबा हायेत पर तुला बघायचं न्हाई त्यास्नी, असं सांगायचं व्हतं का?"

राग धड येईना. राग असता तर बरं झालं असतं.

तिनं दिवे लावले. जेवताना बांगडा वाढला. खाल्ला. खारट आहे म्हणालो नाही.

३१ जुलै

झुंबरला सांगितलं, पुढच्या आखाडात दोघं जाऊ. आधी विश्वास ठेवला नाही तिनं. मग म्हणाली, "तवर रडून घ्या. तितं पोरीसमोर नको." वर्षभर थांबायचं. थांबेन. समुद्र केव्हा बंद असतो ते आता मला पाठ आहे.

१२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. दुपारी कुंडलिक आला. चहासुद्धा घेतला नाही. सोपान मस्कतला गेला. एजंटाचा फोन अचानक आला म्हणे, मोठ्या मासेमारीच्या जहाजावर. तीन वर्षांचा करार. त्या जहाजाचं जाळं बारा महिने पाण्यात असतं. तिथं समुद्र बंद होत नाही.

सोपान, पोचल्याचं अजून कळलं नाही. मोहनलालशेठचा नंबर तुला पाठ असेल, तुझ्या ट्रकच्या वेळचा, तोच आहे. शेठना सांगून ठेवलंय, फोन आला की लगेच माणूस पाठवा. कळव रे. लवकर कळव.